जीटी३चे ब्रेक पुन्हा पुन्हा वाजतात: फक्त रस्त्यावर चालणाऱ्या ट्रॅक गाडीचं दुखणं

तक्रार ठरलेली असते. पोर्शे ९११ जीटी३, बहुधा ९९२ पिढीतली. शहरात आणि रविवारी सकाळी लोणावळ्यापर्यंत चालते, रेसिंग ट्रॅकचं तोंड तिनं कधी पाहिलेलं नाही. सिग्नलला थांबताना शेवटच्या दहा-पंधरा फुटांत पुढची चाकं अशी किंचाळतात की शेजारचा रिक्षावाला मान वळवून बघतो. सर्व्हिसला दिली की पॅड काढतात, साफ करतात, कडा घासून परत बसवतात. काही दिवस शांतता, मग पुन्हा तेच. दुसऱ्या-तिसऱ्या फेरीला कोणीतरी डिस्क बदलायला सांगतं, त्याचा आकडा ऐकून मालकाला घाम फुटतो आणि माझा फोन वाजतो.

डिस्क बदलू नका. निदान इतक्यात नको. बहुतेक वेळा गाडीत बिघाड काहीच नसतो, गाडी पुरेशी गरम होत नसते इतकंच. टायर पकडत नाहीत, बॅटरी उतरते, ऑइलच्या झाकणाखाली पांढरट साय दिसते, या बाकीच्या तक्रारीही त्याच घरातल्या आहेत. त्यांच्याकडे नंतर येऊ. आधी ब्रेक, कारण सगळ्यात जास्त पैसे तिथेच फुकट जातात.

या गाडीचं इंजिन चार लिटरचं, टर्बो नसलेलं, ९००० आरपीएमपर्यंत फिरणारं, ५१० पीएस ताकदीचं. पुढच्या लोखंडी डिस्क ४०८ मिलिमीटर व्यासाच्या, म्हणजे साध्या हॅचबॅकचं अख्खं चाक ज्यावर बसतं त्या रिमपेक्षाही मोठ्या. हे सगळं ट्रॅकवर फेरीमागून फेरी ताशी २५० किलोमीटरवरून ८० वर आणण्यासाठी केलेलं आहे. वेग दुप्पट झाला की ब्रेकला गिळावी लागणारी ऊर्जा चौपट होते. त्या हिशेबानं २५० वरून ८० वर येताना जितकी उष्णता तयार होते, ती ताशी ४० वरून सिग्नलला थांबताना होणाऱ्या उष्णतेच्या साधारण पस्तीस पट असते. थोडक्यात, कर्वे रोडवर हे ब्रेक दिवसभर झोपलेलेच असतात. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावरही मर्यादा १०० ची, आणि या गाडीचा दुसरा गिअर संपायच्या आत ती ओलांडली जाते.

झोपलेले ब्रेक वाजतात का, तर पॅड आणि डिस्क यांच्यात नुसतं घर्षण होत नसतं. नीट बसलेल्या पॅडमधला मसाला डिस्कवर एक पातळ, एकसारखा थर सोडतो आणि पुढचं ब्रेकिंग पॅड व तो थर यांच्यात चालतं. थर बसायला आणि टिकायला तापमान लागतं. ब्रेक कायम थंड असले आणि पाय कायम हलका असला की थर तुकड्यातुकड्यांनी बसतो, काही ठिकाणी खरवडला जातो. पॅडचा चेहरा काचेसारखा गुळगुळीत होतो, त्यालाच गॅरेजमध्ये 'ग्लेझ झालेत' म्हणतात. असा पॅड डिस्कला क्षणभर चिकटतो, सुटतो, परत चिकटतो. हे सेकंदाला हजारो वेळा होतं आणि भल्यामोठ्या डिस्कची घंटा वाजू लागते. सर्व्हिसवाला पॅड घासून देतो तेव्हा गुळगुळीतपणा जातो, म्हणून आवाज थांबतो. गाडी चालवायची पद्धत तीच राहते, म्हणून तो परत येतो.

आवाज कधी येतो ते आधी लिहून काढा

गाडी उचलण्याआधी पाच-सहा दिवस नुसतं कान देऊन चालवा. सकाळी पहिल्या दोन-तीन वेळा खरखर करून आवाज बंद होत असेल, तर तो रात्रीच्या दमटपणानं डिस्कवर आलेला गंज आहे. त्याला औषध नको. पावसाळ्यात आणि गाडी धुतल्यावर तो हमखास येणार. हळू वेगात, हलक्या पायानं थांबताना बारीक चीं येते आणि जोरात दाबलं की नाहीशी होते, तर ग्लेझिंग. ८० ते १०० च्या वेगात हलका ब्रेक लावल्यावर स्टिअरिंग थरथरतं, वेग कमी झाला की थरथरही मंदावते, तर थर एका ठिकाणी जाड बसलाय. यालाच लोक 'डिस्क वाकडी झाली' म्हणतात. वाकडी क्वचितच असते. खात्री करायची तर डायल गेज लावून डिस्क फिरवून बघायला सांगा, दहा मिनिटांचं काम आहे.

आता चाकाच्या आऱ्यांमधून आत डोकवा. कॅलिपर, म्हणजे पॅड डिस्कवर दाबणारा जबडा, लाल असेल तर लोखंडी डिस्क, पिवळा असेल तर सिरॅमिक. काही गाड्यांत कॅलिपर काळे असतात, तिथे थेट डिस्कच बघायची: सिरॅमिकचा पृष्ठभाग करडा, ठिपकेदार दिसतो आणि त्याला गंज चढत नाही. मग मोबाइलच्या टॉर्चनं पॅडची पाठ बघा. गाडी सेकंडहँड घेतली असेल तर हे आधी करा. आधीच्या मालकानं ट्रॅकसाठी पागिडचे पिवळे आरएस२९ किंवा तसलेच रेसिंग पॅड टाकलेले असतील, तर शोध तिथेच संपला. ते पॅड तापल्यावर अप्रतिम असतात, थंड असताना मात्र लोकलच्या चाकांसारखे ओरडतात. साफसफाईनं ते गप्प बसणार नाहीत. कंपनीचे मूळ पॅड टाका, डिस्कवरचा जुना थर काढून घ्या आणि नव्यानं बेडिंग करा, म्हणजे ब्रेक तापवून पॅडचा थर डिस्कवर एकसारखा बसवा; कृती पुढे दिली आहे. वेगवेगळ्या मसाल्यांचे थर एकमेकांवर चढले की थरथर ठरलेली.

चाक काढायचं असेल तर एक गोष्ट ध्यानात ठेवा. जीटी३ची चाकं पाच नटांची नसतात. मधोमध एकच मोठा नट असतो आणि तो ६०० न्यूटन-मीटरला आवळावा लागतो. त्यासाठी खास सॉकेट, लांबलचक टॉर्क रेंच आणि आत बसून ब्रेक दाबून धरणारा दुसरा माणूस लागतो. आवळून झाल्यावर मधली लॉकिंग पिन बाहेर आली का, हे हातानं तपासायचं. नाक्यावरच्या टायरवाल्याकडे ही हत्यारं नसतात. तो चांगला कारागीर असला तरी त्याला चाक खोलू देऊ नका. रस्त्यात खिळा घुसला तर चाक न काढता बाहेरून स्ट्रिप मारून तो घरापर्यंत पोहोचवून देईल, तेवढं मात्र जरूर करून घ्या. स्टेपनी गाडीत नसतेच.

बेडिंग

लोखंडी डिस्क आणि मूळ पॅड असतील तर खरा उपाय हाच. पहाटेचा मोकळा, सरळ, माणसांची ये-जा नसलेला रस्ता हवा. आरशात मागे कोणी दिसत असेल तर करू नका. आधी पंधरा-वीस मिनिटं गाडी सहज चालवा. मग ८०-९० वरून २० पर्यंत ठामपणे ब्रेक लावायचा. एबीएस थरथरायला लागेल इतका दाबायचा नाही, पण शेजारचा माणूस पट्ट्यावर लोंबकळेल इतका दाबायचा. पूर्ण थांबायचं नाही. पुन्हा वेग घ्यायचा, ब्रेकना थोडी उसंत द्यायची, पुन्हा ८०-९० वरून २०. असं आठ-दहा वेळा. मधेच जळका वास येईल, येऊ द्या. शेवटच्या वेळेनंतर दहा-पंधरा मिनिटं ब्रेकला शक्यतो हात न लावता गाडी चालवायची, म्हणजे डिस्क हवेनं सावकाश गार होतात. डिस्कवर कडेपासून कडेपर्यंत एकसारखी निळसर-करडी झाक दिसली की जमलं. पट्टे दिसले तर पुढच्या रविवारी पुन्हा.

सिरॅमिकचं बेडिंग रस्त्यावर नीट होत नाही, तितकं तापमान कायद्यात राहून मिळतच नाही. त्यासाठी चेन्नईजवळचा इरुंगट्टुकोट्टई किंवा कोइंबतूरचा ट्रॅक गाठायला हवा. फ्लॅटबेडवर गाडी तिकडे पाठवण्याचा खर्च नव्या सिरॅमिक डिस्कच्या किमतीपुढे चिल्लर आहे, हे मी गमतीनं म्हणत नाही. तेवढं करायचं नसेल तर थोडा आवाज सोसा. सिरॅमिकवर आवाज म्हणजे झीज नव्हे. रस्त्यावर चालणाऱ्या गाडीत या डिस्क वर्षानुवर्षं टिकतात. त्यांना धोका असतो तो चाक काढता-घालताना रिम आपटून कड उडण्याचा. म्हणून त्या कामाच्या वेळी मी स्वतः शेजारी उभा राहतो.

बेडिंग एकदा करून भागत नाही. थर पुन्हा विस्कटतो, म्हणून सवयी बदलाव्या लागतात. घाट उतरताना पाय हलकाच ब्रेकवर ठेवून गाडी घसरवत न्यायची, ही आपली जुनी खोड. या गाडीत ती सगळ्यात वाईट. खंडाळ्यातून खाली येताना गिअर खाली घ्या, इंजिननं वेग धरा आणि लागेल तिथे थोडका पण ठाम ब्रेक लावून सोडून द्या. खाली आल्यावर खालापूरच्या टोलला रांग असेल, तर तापलेल्या डिस्कवर पॅड दाबून उभं राहू नका. जिथे दाबून धराल तिथे पॅडचा ठसा उमटतो आणि दुसऱ्या दिवशी स्टिअरिंग थरथरतं. न्यूट्रल आणि पार्किंग ब्रेक वापरा. ९११चा पार्किंग ब्रेक मागच्या डिस्कच्या आतल्या ड्रमवर चालतो, मुख्य पॅडशी त्याचा संबंध नाही.

दुसरी गोष्ट गाडी धुण्याची. धुणारा पोरगा शेवटी टायरला चमक यावी म्हणून पॉलिश फवारतो आणि त्यातलं निम्मं आऱ्यांमधून डिस्कवर जातं. सिलिकॉनचा तो थर म्हणजे आवाजाला आमंत्रणच, शिवाय पहिल्या दोन-तीन वेळा ब्रेक कमी लागतो तो धोका वेगळा. त्याला सांगा, टायरला काही लावायचंच असेल तर कापडावर घेऊन पुसायचं. रिमसाठी आम्लाचं क्लीनर नको. आणि धुतल्यावर लगेच गाडी बेसमेंटमध्ये लावून झाकण घालू नका. सोसायटीला एक चक्कर मारून ब्रेक कोरडे करा, नाहीतर ओला पॅड ओल्या डिस्कला धरून बसतो आणि चार दिवसांनी गाडी सुटताना टक्क आवाज होतो.

काय करू नये तेही सांगून टाकतो. डिस्कला लेथ मारून घेऊ नका. साध्या गाडीला तो चालतो, या छिद्रांच्या, ॲल्युमिनियमच्या मधल्या टोपीवर बसवलेल्या डिस्कला नाही. सिरॅमिकला तर कोणी लेथचं नाव काढलं तर गाडी घेऊन निघा. पॅडच्या चेहऱ्यावर आवाज बंद करणारा स्प्रे, ग्रीस, काहीही मारू देऊ नका. ग्रीस फक्त पॅडच्या पाठीला आणि कडांना, तेही ब्रेकसाठीचंच. आणि ब्रेक ऑइल किलोमीटर बघून न बदलता दर दोन वर्षांनी बदला. ते हवेतलं पाणी शोषतं. मुंबईत किंवा कोकणाजवळ राहत असाल तर गाडी वर्षात हजारभर किलोमीटर चालली म्हणून सूट नाही.

बाकीची भावंडं

टायर. मूळ टायर बहुधा मिशेलिन पायलट स्पोर्ट कप २ असतात, पुढे २५५/३५ झेडआर२०, मागे ३१५/३० झेडआर२१. त्यांचा ट्रेडवेअर आकडा १८०, म्हणजे रबर मऊ. पण हे रबर चिकटतं ते तापल्यावर. थंड असताना, विशेषतः डिसेंबरच्या सकाळी महाबळेश्वरला, मागचं चाक पहिल्या वळणालाच सरकू शकतं. पावसाची गोष्ट आणखी गंभीर आहे. खाचा उथळ आणि टायर रुंद, त्यामुळे साचलेल्या पाण्यावर गाडी तरंगते. जून ते सप्टेंबर गाडी काढायचीच असेल तर त्याच मापाचे साधे, खोल खाचांचे टायर दुसऱ्या सेटवर ठेवा. पोर्शेनं मान्य केलेल्या टायरच्या बाजूवर एन० किंवा एन१ अशी खूण असते, ती बघूनच घ्या. पाणी भरलेल्या रस्त्यावर माझ्या मते कप २ वर जाऊच नये. 'हळू चालवतो' हे त्यावर उत्तर नाही.

दोन-तीन आठवडे उभी राहिलेली गाडी पहिले काही किलोमीटर थडथडत असेल तर टायरला जमिनीकडून चपटेपणा आलाय. टायर गरम झाले की तो बहुधा जातो. वीस-पंचवीस किलोमीटरनंतरही थडथड तशीच राहिली तर बॅलन्सिंग बघा. रस्त्यावरच्या जीटी३चे टायर झिजून नाही, वयानं संपतात. बाजूवर डॉट कोडच्या शेवटी चार आकडे असतात: २३२१ असेल तर २०२१ सालचा तेविसावा आठवडा. खाचा भरपूर आहेत म्हणून सहा-सात वर्षांचा कडक झालेला कप २ चालवणारे भेटतात. ते टायरचे पैसे वाचवत नाहीत, नशीब खर्च करत असतात.

इंजिन ऑइल. काट्यावर पाण्याचं तापमान पटकन वर येतं, ऑइलचं यायला बराच वेळ लागतो. घर ते जिम, जिम ते घर अशा चार किलोमीटरच्या फेऱ्यांत ते कधीच वर येत नाही. मग इंजिनात साचलेली वाफ उडून जात नाही, थोडं न जळलेलं पेट्रोल ऑइलमध्ये मिसळतं आणि झाकणाखाली ती पांढरट साय दिसते. साय बघून हेड गॅस्केट (इंजिनातलं पाणी आणि ऑइल वेगळं ठेवणारं पॅकिंग) गेलं म्हणून घाबरणारे पुष्कळ. कूलंट कमी होत नसेल तर आधी एक लांब फेरी मारा, नंतर पुन्हा झाकण उघडून बघा. गाडी काढली की किमान तासभर चालवा, आणि ऑइल ८०-९० अंशांवर येईपर्यंत आरपीएमचा काटा चार-साडेचार हजारांच्या वर नेऊ नका. ऑइल वर्षाला एकदा बदलायचंच, मग गाडी कितीही कमी चालो.

बॅटरीचं गणित सोपं आहे: अलार्म, चावीविना उघडणारे दरवाजे वगैरे झोपेतही थोडी थोडी वीज खातात आणि छोट्या फेऱ्यांत ती भरून निघत नाही. मेंटेनर चार्जर, म्हणजे उभ्या गाडीची बॅटरी भरलेली ठेवणारा चार्जर, लावून ठेवा. बॅटरी लिथियमची असेल तर लिथियमचाच चार्जर, दुसरा नको. अडचण असते ती पार्किंगमध्ये प्लग पॉइंट मिळण्याची. ईव्हीवाल्यांनी सोसायटीच्या सभेत ती लढाई आधीच लढून ठेवली असेल तर त्यांच्या मागून अर्ज टाका. ९९२ जीटी३ची बॅटरी पुढच्या डिकीत आहे आणि डिकी विजेवर उघडते, म्हणजे बॅटरी पूर्ण मेली की बॅटरीपर्यंत पोहोचायची वाटही बंद. त्यासाठी फ्यूज बॉक्समध्ये बाहेर ओढता येणारा प्लसचा टर्मिनल दिलेला असतो. त्याला बाहेरून १२ व्होल्ट दिले की डिकी उघडते. मॅन्युअलमध्ये त्याची जागा आजच शोधून ठेवा. रात्री अकराला बेसमेंटमध्ये मोबाइलला रेंज नसते.

खालून लागण्याबद्दल फार बोलत नाही. कागदावरचा गतिरोधक १० सेंटिमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद असायला हवा, आपल्या गल्लीतला तसा नसतो. गाडीचं नाक उचलणारी पुढची लिफ्ट असेल तर वापरा. ९९२ मध्ये ती जागा लक्षात ठेवते, रोजच्या रॅम्पला आपोआप उचलते. नसेल तर तिरकी घाला. पुढच्या ओठाची प्लॅस्टिकची पट्टी घासून संपण्यासाठीच असते. ती बदलताना जीव कासावीस करून घेऊ नका.

कधी मात्र थांबायचं

वर सांगितलेलं सगळं आवाजापुरतं आहे. धातूवर धातू घासल्यासारखी सलग खरखर, ब्रेक न लावताही येणारी, म्हणजे पॅड संपलाय किंवा मधे दगड अडकलाय. पॅडचा इशारा दिवा लागला, पेडल स्पंजी झालं किंवा नेहमीपेक्षा खाली जाऊ लागलं, ब्रेक लावल्यावर गाडी एका बाजूला ओढते, चारांपैकी एकाच रिमपाशी हात नेला तर चटका बसेल इतकी धग लागते: यातलं एकही असेल तर बेडिंगच्या फंदात पडू नका. अडकलेला पिस्टन ब्रेक तापवून सुटत नाही, आणखी बिघडतो.

गाडी हलवायची ती फ्लॅटबेडवरच. पुढची चाकं उचलून ओढणारी क्रेन आली तर परत पाठवा. फ्लॅटबेडवाल्यालाही आधीच सांगा की गाडी खाली आहे, रॅम्पला लाकडी फळ्या लागतील, आणि पट्टे चाकांवरून बांधायचे, सस्पेन्शनच्या आर्मना नाही. फोनवर तो हो म्हणेल. फळ्या खरंच आणल्यात का, ते गाडी चढवायच्या आधी बघा.